अठ्ठावीस दिवसांचा महिना

आई-बाबांनो,

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पालकसभेत मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता, आठवतो का? "कुणाच्या घरी मुलाला अभ्यासाला नेट मिळत नाही?" पन्नासेक जण बसला होतात. एकही हात वर आला नाही. मला बरं वाटलं आणि मी दहावीच्या परीक्षा फॉर्मकडे वळले.

चहा झाला, तुम्ही आपापल्या वाटेला लागलात. मी वर्गाला कुलूप घालत होते तर एक आई अर्ध्या वाटेतून परत आली. काजू फॅक्टरीत कामाला जाते. बोटांची टोकं काजूच्या तेलानं काळी पडलेली. म्हणाली, "बाई, एक सांगू काय? आमचा रिचार्ज बारा तारखेला संपतो. पगार पंधराला होतो. मधले तीन दिवस तेवढे ग्रुपवर काय टाकू नका. पोरगी रडते."

मी घरी आले आणि तिच्या मुलीची विज्ञानाची वही काढली. तपासायला आणलेल्या गठ्ठ्यात होतीच. जूनपासून त्या वहीत माझ्याच लाल पेनानं पाच ठिकाणी "गृहपाठ अपूर्ण" लिहिलेलं. पाचही तारखा बारा ते पंधराच्या मधल्या. एका ठिकाणी तर मी खाली आणखी एक ओळ लिहिली होती, "ग्रुपवरचा मेसेज बघत जा." ती ओळ मी त्या रात्री कितीदा वाचली असेल. गेली बावीस वर्षं शिकवते आहे, आणि त्या मुलीच्या घरचं कॅलेंडर मला वाचता आलं नाही.

तिचा हिशेब तुम्हीही करून बघा. पगार झाला की पंधराला रिचार्ज मारला. तो अठ्ठावीस दिवस चालतो. आपला महिना तीस-एकतीसचा, कंपनीचा अठ्ठावीसचा. म्हणजे दर महिन्याला दोन-तीन दिवसांचा खड्डा ठरलेला. फक्त फेब्रुवारीत दोन्ही महिने जुळतात. आणि हा खड्डा पडू द्यायचा नसेल तर वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात, हे आपल्यापैकी कितीजणांच्या लक्षात आलंय? तीनशेच्या आसपासचा पॅक धरला तर एका फोनचे वर्षाला ३,९०० रुपये. घरात दोन फोन असले तर ७,८०० रुपये. २०२४ च्या जुलैत मोठ्या कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हापासून तर कितीतरी घरांत "एकच फोन चालू ठेवू" असं ठरलं. तो एक फोन मग सकाळी सातला बाबांबरोबर कामावर जातो आणि रात्री आठला परत येतो. तोवर दिवसाचा दीड जीबी निम्मा उरलेला असतो. मुलं वही घेऊन दारात वाट बघत बसलेली असतात.

मग त्या सभेत हात का वर आला नाही? मला कारण माहीत आहे, कारण मी याच मातीतली आहे. घरात डाळ नाही हे आपण शेजारणीला सांगतो, वाटीभर मागून आणतो. पण रिचार्ज नाही हे सांगायची लाज वाटते. फोन म्हणजे ऐपत दाखवायची वस्तू अशी आपली समजूत होऊन बसली आहे. फोन आहे आणि त्यात नेट नाही, हे म्हणजे घरावर स्लॅब आहे आणि चूल पेटली नाही असं कबूल करण्यासारखं वाटतं. म्हणून आज हे पत्र लिहायला बसले. ही लाज मला तुमच्या मनातून काढायची आहे.

जरा मागं जाऊ. शाळा लांब होती, एसटीचं तिकीट परवडत नव्हतं, म्हणून मुलींचं नाव चौथी-सातवीत कमी होत होतं. तेव्हा सरकारनं अहिल्याबाई होळकरांच्या नावानं योजना आणली आणि ग्रामीण भागातल्या पाचवीपासूनच्या मुलींना एसटीचा पास मोफत झाला. आज बारावीपर्यंतच्या मुली त्या पासवर येतात. तुमच्यातल्या काही आया स्वतः त्या पासवर शिकल्या आहेत. पास घेताना तुम्हाला भीक घेतल्यासारखं वाटलं होतं का? नाही ना. पुस्तकं मोफत मिळाली, गणवेश मिळाला, दुपारची खिचडी मिळाली. मागास घटकांतल्या गरीब मुलींना हजेरीसाठी दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता मिळायचा, तो आपण सही करून घेतला. शाळेपर्यंतचा रस्ता गरिबाच्या मुलीला परवडला पाहिजे, एवढा साधा विचार त्यामागं होता.

आता मला सांगा, आज शाळेचा रस्ता कुठून जातो? बालभारतीच्या पुस्तकात धड्याच्या कोपऱ्यात तो काळा-पांढरा चौकोन असतो. तो स्कॅन केला की दीक्षा ॲपवर धड्याचा व्हिडिओ उघडतो. नेट नसलेल्या मुलाला तो चौकोन नुसती नक्षी. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाला. पूर्वी तो मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांचा विषय होता, आता आपल्या चंदगडच्या मुलांनाही पसंतीक्रम ऑनलाइनच भरावा लागतो. गुणवत्ता यादी कधी लागली, कागदपत्रात काय त्रुटी निघाली, मुदत किती वाजेपर्यंत, सगळं फोनवर. यंदा आपल्याच एका मुलाची मुदत संपून गेली आणि त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्याकडून कळलं. आणखी काय सांगू? एसटीच्या तिकिटाइतकीच ही निकड आहे.

केरळनं ही गोष्ट आपल्या आधी ओळखली. तिथल्या उच्च न्यायालयात २०१९ साली वसतिगृहातल्या एका महाविद्यालयीन मुलीचं प्रकरण गेलं होतं. ठरावीक वेळेत फोन जमा करायचा असा नियम होता, तिनं तो मानला नाही म्हणून तिला वसतिगृहातून काढलं. न्यायालयानं सांगितलं की इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या अधिकाराचा भाग आहे, आणि मुलीला परत घ्यायला लावलं. त्याच राज्यानं के-फॉन नावाचं स्वतःचं फायबरचं जाळं विणलं. वीज मंडळाच्या खांबांवरून तारा नेल्या. जून २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. २० लाख गरीब कुटुंबांना घरातलं नेट मोफत द्यायचं आणि बाकीच्यांना स्वस्तात, असा संकल्प. पहिल्या टप्प्यात प्रत्येक विधानसभा मतदारसंघातली १०० कुटुंबं, म्हणजे १४० मतदारसंघांत १४,०००. काम जाहीर केल्यापेक्षा बरंच हळू चाललं आहे, हेही तुम्हाला सांगायला हवं. २० लाखांचा आकडा अजून लांब आहे. तरीही मला त्या राज्याचं कौतुक वाटतं, कारण रेशनकार्डाच्या घरात पाणी आणि वीज जाते तसं नेटही गेलं पाहिजे, हे एका सरकारनं कागदावर लिहून दिलं.

दुसरी गोष्ट अमेरिकेची. आपल्याला वाटतं तिकडे सगळेच श्रीमंत. पण तिथंही नेटचं बिल न परवडणारी घरं इतकी आहेत की करोनाच्या काळात सरकारला त्यांच्यासाठी योजना काढावी लागली. २०२१ च्या अखेरीस ती पक्की झाली. महिन्याला ३० डॉलर सरकार थेट कंपनीला भरायचं आणि घराचं बिल तेवढं कमी व्हायचं. आदिवासी वस्त्यांना ७५ डॉलर. पात्रता कशी ठरायची ते ऐका, मला हे फार आवडलं. ज्या घरातलं मूल गरिबीमुळे शाळेत मोफत जेवतं, ते घर तेवढ्या एका गोष्टीवर पात्र. म्हणजे आपल्या भाषेत, ज्या पोराच्या ताटात सरकारी खिचडी आहे, त्याच्या घरी सरकारी नेट. २ कोटी ३० लाखांहून जास्त कुटुंबांनी नावं नोंदवली. तिथल्या जवळजवळ दर सहा घरांमागं एक.

आणि मग पैसे संपले. संसदेनं नवे दिले नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवीन नावं घेणं थांबलं आणि १ जून २०२४ ला योजना बंद झाली. योजनेमुळे ज्या आईचं बिल शून्य झालं होतं, तिच्या दारात पूर्ण बिल आलं. मला या बातमीनं फार वाईट वाटलं होतं. मुलांची सवय, शाळेचं काम, डॉक्टरची वेळ, सगळं त्या जोडणीवर बसवून झाल्यावर खालची फळी काढून घेतली. आपल्याकडे उद्या अशी योजना आली तर ती एका वर्षाच्या घोषणेची नको, एसटीच्या पाससारखी पिढ्या शिकून बाहेर पडतील इतकी टिकणारी हवी. हे आपण आतापासूनच मागून ठेवलं पाहिजे.

तुम्ही विचाराल, बाई, आपल्याकडे आज काय आहे? खरं सांगते, महाराष्ट्रात गरीब घराच्या नेटचं बिल कमी करणारी केरळसारखी योजना नाही. लाडक्या बहिणीचे दीड हजार खात्यावर आले की त्यातून आधी रिचार्ज मारणाऱ्या आया मला माहीत आहेत. म्हणजे सरकारी मदत नेटवर खर्च होतेच आहे, फक्त ती तेल-मिठाच्या पैशातून काढावी लागते.

पण एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे आपण बघतही नाही. भारतनेट. २०११ साली केंद्रानं ठरवलं की देशातल्या सगळ्या म्हणजे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची. २०१५ मध्ये तिला भारतनेट हे नाव मिळालं. २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला आणि त्यात गावातल्या घरांपर्यंत जोडण्या न्यायचं ठरलं. हे पैसे येतात कुठून? दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातले पाच टक्के एका निधीत जातात. खेड्यापाड्यांत, दुर्गम भागात फोन आणि नेट पोचवायला ठेवलेला निधी. त्याला आता डिजिटल भारत निधी म्हणतात. आणि कंपन्यांचा महसूल म्हणजे काय? तुमचा रिचार्ज. शिवाय त्याच रिचार्जवर १८ टक्के जीएसटी. २९९ रुपये मारले की त्यातले पंचेचाळीसच्या आसपास रुपये करात जातात. काजू सोलून मिळवलेल्या पैशातून तुम्ही वर्षाला बारा-तेरा वेळा हा वाटा भरता. म्हणून म्हणते, मदत मागायची लाज धरू नका. त्या निधीच्या थेंबाथेंबात तुमचे पैसे आहेत.

आपल्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, कपाटाच्या वर, याच भारतनेटची एक राखाडी पेटी भिंतीला लावलेली आहे. तुम्ही दाखल्याला जाता तेव्हा बघितली असेल. मी गेल्या आठवड्यात मुद्दाम जाऊन बघून आले. पेटीवर धुळीचा थर, आणि खालून आलेली काळी वायर गुंडाळी करून खिळ्याला टांगलेली. दिवा एकही लागत नव्हता. कर्मचाऱ्याला विचारलं तर तो बिचारा म्हणाला, "मी यायच्या आधीपासून असंच आहे, बाई." कुणा एका माणसाचा दोष मला काढायचा नाही. पण ती पेटी चालू झाली आणि पंचायतीच्या शेजारची रिकामी खोली संध्याकाळी सहा ते नऊ उघडी राहिली, तर आपल्या नववी-दहावीच्या मुलांचे ते तीन दिवस सुटतात. केरळनं २०२० च्या टाळेबंदीत हेच केलं होतं. ज्या घरांत टीव्ही-फोन नव्हता त्यांच्यासाठी अंगणवाड्या आणि वाचनालयांत मुलांना बसवून वर्ग दाखवले.

पीएम-वाणी नावाची एक सोयही २०२० च्या डिसेंबरपासून आहे. किराणा दुकानदार, चहावाला, कुणीही परवान्याशिवाय वायफाय लावून थोड्या पैशात नेट विकू शकतो. मोठ्या स्टँडवर दिसतं कधीकधी. आपल्या गावातल्या दुकानदारांपैकी कुणाला करायचं असेल तर मी माहिती काढून देईन.

आता त्या बाबांशी बोलते जे मागच्या बाकावरून नेहमी म्हणतात, "मोबाईलनंच पोरं बिघडली, आणि त्याला सरकारनं पैसे द्यायचे?" दादा, तुमची काळजी खोटी नाही. प्रथम संस्थेच्या असर २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांना विचारलं होतं. आठवड्याभरात फोनवर अभ्यासाचं काही केलं असं सांगणारी ५७ टक्के, आणि समाजमाध्यमं वापरली असं सांगणारी ७६ टक्के. हा आकडा वाचून मलाही घोर लागला. पण विचार करा, बिघाड कुठं होतो? पांघरुणाखाली, एकट्याच्या फोनमध्ये, रात्री अकराला उरलेला डेटा संपवायच्या घाईत. रोजचा दीड जीबी आज वापरला नाही तर बुडतो, म्हणून मुलं झोपायच्या आधी तो रिळं बघून संपवतात. घरातल्या तारेनं आलेलं नेट मात्र मधल्या खोलीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. राऊटरचं बटण आईच्या हाताशी असतं. दहाला बंद म्हणजे बंद. म्हणूनच मी रिचार्जच्या मदतीपेक्षा घरातल्या जोडणीच्या मदतीची बाजू घेते.

त्याच पाहणीतली आणखी एक गोष्ट आयांना सांगायची आहे. फोन वापरता येणाऱ्या मुलामुलींत स्वतःचा फोन असणारे मुलगे ३६ टक्क्यांच्या आसपास, आणि मुली २७. आपल्या घरांत डेटा कमी पडला की पहिला कुणाचा अभ्यास थांबतो? उत्तर तुम्हाला माहीत आहे. भाऊ "पाच मिनिटं" म्हणून फोन घेतो आणि ताई भाकरी थापायला उठते. घरात एकच पॅक असेल तर वेळा कागदावर लिहून भिंतीला लावा. मुलीची वेळ आधी लिहा.

आणि कळकळीनं एक सांगते. "पंतप्रधान मोफत रिचार्ज योजना, तीन महिने नेट फुकट, खालच्या लिंकवर बोट दाबा" असे मेसेज येतात ना, ते खोटे असतात. सरकारच्याच माहिती खात्यानं कितीतरी वेळा तसं जाहीर केलं आहे. मोफत लॅपटॉपचे मेसेजही तसलेच. लिंक दाबू नका, ओटीपी सांगू नका, दहा जणांना पुढं पाठवू नका. ज्याला नेट परवडत नाही त्यालाच हे लोक गाठतात आणि पगाराचं खातं रिकामं करतात. शंका आली तर फोन घेऊन शाळेत या, आपण मिळून बघू.

माझ्याकडून मी काही बदललं आहे. आता गृहपाठ ग्रुपवर टाकायच्या आधी फळ्यावर लिहिते आणि मुलं तो वहीत उतरवून घेतात. व्हिडिओ लागणारं काम दिलं तर आठ दिवसांची मुदत देते. विज्ञानाच्या प्रयोगांचे व्हिडिओ शाळेच्या संगणकावर उतरवून ठेवले आहेत, मधल्या सुट्टीत लावते. आणि त्या वहीतले पाचही लाल शेरे मी खोडले. त्या मुलीसमोर बसून खोडले, शेजारी तारखेसकट सही केली, आणि तिला म्हटलं, चूक माझी होती. ती काही बोलली नाही. वही मिटून दप्तरात ठेवली आणि पळाली.

राहिली गोष्ट २६ जानेवारीची. त्या दिवशी ग्रामसभा आहे आणि तिच्या आधी महिलांची ग्रामसभा. ती राखाडी पेटी कधी चालू होणार, संध्याकाळी खोली उघडी ठेवता येईल का, महिला-बालकल्याणासाठी राखून ठेवलेल्या दहा टक्क्यांतून त्यासाठी काही करता येईल का, आणि गावच्या विकास आराखड्यात हे लिहून घेणार का, असे चार प्रश्न आहेत. मी नोकरदार बाई, मी विचारले तर शाळेचे प्रश्न होतात. तुम्ही विचारले तर गावाचे होतील, आणि ते ठरावाच्या वहीत लिहावे लागतील.

ती काजू फॅक्टरीतली आई काल परत आली होती. म्हणाली, "मी विचारते बाई, पण सभेत उभं राहिल्यावर मला आठवायचं नाही. मोठ्या अक्षरात लिहून द्या." मी फुलस्केपच्या कागदावर चारही प्रश्न लिहून दिले. तिनं ते तिथंच एकदा मोठ्यानं वाचून बघितले. तिसऱ्या प्रश्नाला अडखळली, परत वाचला, मग कागदाची चौघडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. त्या दिवशी तिच्या शेजारी बसायला कोण येतंय, तेवढं मला या आठवड्यात कळवा. ग्रुपवर नको. मुलीच्या वहीत लिहून पाठवलंत तरी चालेल.

तुमची,
बाई